रोटरी इंजिनाच्या विमानाचा सायलेन्सर वारंवार का फुटतो

घरी बांधलेल्या विमानात माझदाचे १३बी रोटरी इंजिन बसवणाऱ्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते. इंजिन उत्तम चालते, गिअरबॉक्स कुरकुरत नाही, पाण्याचे आणि तेलाचे तापमान आटोक्यात असते, पण सायलेन्सर टिकत नाही. वीस-पंचवीस तास उड्डाण झाले की कुठे तरी चीर पडते. ती वेल्डिंगने बुजवली की दहा तासांत तिच्या शेजारीच दुसरी पडते. मग जाड पत्रा वापरून पाहिला जातो, मग महागडा मिश्रधातू आणला जातो, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच घडते. ओहायोमध्ये आम्ही दोघांनी मिळून बांधलेल्या दोन आसनी विमानावर एकापाठोपाठ एक असे तीन सायलेन्सर निकामी झाले, आणि तिन्हींची कारणे वेगवेगळी निघाली. म्हणून या लेखात माझा सारा भर एकाच गोष्टीवर आहे: सायलेन्सर कुठे आणि कशा तऱ्हेने फुटला हे नीट वाचल्याशिवाय धातू बदलू नये, कारण बहुतेक वेळा दोष धातूचा नसतो.

आधी हे इंजिन एक्झॉस्टला, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना आणि सायलेन्सरला, एवढे कठीण का जाते ते पाहू. फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतले हे इंजिन १९५७ मध्ये जर्मनीतील एनएसयू कंपनीत प्रथम चालले. माझदाने १९६७ पासून ते कॉस्मो मोटारीत विकले, आणि पुढे आरएक्स-७ मधून उतरवलेली १३बी इंजिने अमेरिकेतील हौशी विमानबांधकांच्या हाती आली. या इंजिनात ६५४ घनसेंटिमीटरचे दोन रोटर, म्हणजे पिस्टनऐवजी फिरणारे तिकोनी भाग, असतात आणि एक्सेंट्रिक शाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटर एकदा धूर बाहेर टाकतो. म्हणजे ६,००० आरपीएमला एका पोर्टमधून, म्हणजे धूर बाहेर पडण्याच्या तोंडातून, सेकंदाला १०० आणि दोन्ही मिळून २०० धक्के निघतात. २,७०० आरपीएमला चालणाऱ्या चार सिलिंडरच्या लायकमिंग या छोट्या विमानांच्या नेहमीच्या इंजिनात हाच आकडा ९० असतो. शिवाय इथे हळूहळू उचलली जाणारी झडप नाही. रोटरच्या टोकावरचे एपेक्स सील पोर्टच्या कडेवरून सरकताच पोर्ट मोकळे होते आणि आतला दाब एकदम बाहेर झेपावतो, त्यामुळे धक्क्याची सुरुवात अतिशय धारदार असते. ज्वलनकक्ष लांबट आणि चपटा असल्याने इंधन सावकाश जळते आणि त्याचा काही भाग पोर्टबाहेर गेल्यावरही जळत राहतो. लायकमिंगच्या एक्झॉस्टमधील वायू साधारण ७०० ते ८१५ अंश सेल्सियसला असतो, तर १३बी पूर्ण शक्तीला चालत असताना तो ९०० ते १००० अंशांच्या दरम्यान जातो.

मोटारीसाठी केलेला सायलेन्सर इथे का हरतो, हेही त्यावरून कळते. रस्त्यावर मोटार पूर्ण शक्तीला काही सेकंद असते. विमान उंची घेताना कितीतरी मिनिटे पूर्ण शक्तीला असते, आणि नंतर तासन् तास साठ-सत्तर टक्क्यांवर चालते. मोटारीच्या सायलेन्सरसाठी सर्रास वापरले जाणारे ४०९ जातीचे पोलाद सातशे अंशांच्या पुढे सतत राहण्यासाठी केलेलेच नाही.

आवाज हळूहळू वाढला तर

आमचा पहिला सायलेन्सर बाजारात मिळणारा, सरळ आरपार छिद्रांची नळी आणि तिच्याभोवती काचतंतूंचे पॅकिंग अशा रचनेचा होता. पहिल्या उड्डाणाला त्याचा आवाज इतका मृदू होता की आम्ही समाधानाने एकमेकांकडे पाहिले. चौदाव्या तासाला तो उघड्या पाइपासारखा वाजू लागला, आणि बाहेरून पाहता त्यावर एक ओरखडाही नव्हता. विमानाच्या पोटावरून हात फिरवल्यावर तळहाताला बारीक पांढरे तंतू टोचले, तेव्हा उलगडा झाला. काच त्या उष्णतेत मऊ पडून ठिसूळ झाली होती आणि सेकंदाला दोनशे धक्क्यांनी तिचा चुरा करून छिद्रांवाटे बाहेर ओढला होता.

असे झाले तर त्याच घरात (सायलेन्सरच्या बाहेरच्या डब्यात) अधिक चांगले पॅकिंग भरण्याचा मोह होतो. सिरॅमिकचे तंतू १२६० अंशांपर्यंत टिकतात हे खरे, पण ते उष्णतेला टिकतात, धक्क्यांना नाही. छिद्रांमागे उघडे ठेवले तर तेही उडून जातात. स्टीलची लोकर थोडी अधिक तग धरते, पण तिचे बारीक धागे जळून तिचा गंज होतो. पॅकिंगवर चालणारा सायलेन्सर रोटरीला जोडायचाच असेल, तर तो साखळीत शेवटी असावा, म्हणजे त्याच्याकडे येणारा वायू आधीच थोडा निवालेला आणि धक्क्यांची धार गेलेला असेल. इंजिनालगत, पहिल्या जागी, तो टिकणार नाही. आम्ही पॅकिंगचा नाद कायमचा सोडला.

जमिनीवरच आरपीएम कमी भरले तर

या लक्षणाकडे सर्वांत गांभीर्याने पाहावे, कारण यात विमान पडू शकते. आमच्या दुसऱ्या सायलेन्सरमध्ये पॅकिंग नव्हते. १५० मिलिमीटर व्यासाचे आणि ४३० मिलिमीटर लांबीचे एक घर होते आणि त्यात मध्ये १.२ मिलिमीटर जाडीचा ३०४ स्टेनलेसचा आडवा पत्रा होता. एकतिसाव्या तासाला उड्डाणापूर्वी पूर्ण थ्रॉटलला नेहमीपेक्षा ३०० आरपीएम कमी भरले. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा (मॅनिफोल्डचा) दाब नेहमीइतकाच होता, मिश्रण ठीक होते, दोन्ही इग्निशन ठीक होत्या. आम्ही परत हँगरमध्ये आलो, थंड झाल्यावर सायलेन्सर काढला आणि हलवला, तर आत काही तरी खडखडले. मधला पत्रा चारही बाजूंच्या वेल्डिंगलगत फाटून सुटला होता आणि घसरत जाऊन बाहेर पडण्याच्या तोंडावर झाकणासारखा आडवा बसला होता. तो उड्डाणानंतर तीनशे फुटांवर सुटला असता तर मी हे लिहिले असतेच असे नाही.

पत्रा का सुटला, याचे उत्तर त्याच्या कडेला स्पष्ट दिसत होते. मध्यभागी तो पातळ झाला नव्हता, जळाला नव्हता, त्याला भोकही पडले नव्हते. वेल्डिंगच्या कडेने मात्र पाऊण घेरभर चीर फिरली होती. सपाट पत्रा चारही बाजूंनी घट्ट जोडला आणि त्याच्या तोंडावर धक्के सोडले की तो ढोलाच्या कातड्यासारखा थरथरतो आणि ती सारी थरथर कडेवर येते. त्यात भर म्हणजे वायूत बुडालेला मधला पत्रा बाहेरच्या कवचापेक्षा जास्त तापतो, त्याला फुगायला जागा मिळत नाही, म्हणून तो एका बाजूला फुगीर होतो, आणि इंजिन बंद केले की पुन्हा ताणला जातो. अशा जागी दुप्पट जाडीचा पत्रा लावला तर तो थोडा उशिरा सुटेल, पण सुटेल.

त्यानंतर आम्ही दोन नियम कटाक्षाने पाळले. धक्क्याला सामोरा जाणारा आतला कोणताही भाग सपाट ठेवायचा नाही. तो शंकूच्या किंवा नळीच्या आकाराचा असावा, एका टोकाला पक्का आणि दुसऱ्या टोकाला सरकता असावा. आणि बाहेर पडण्याच्या तोंडाच्या आतल्या बाजूला दोन जाड सळ्या फुलीसारख्या वेल्ड करायच्या, म्हणजे आतले काहीही तुटले तरी ते तोंड बंद करू शकणार नाही. या फुलीमुळे बॅक प्रेशर (वायूच्या वाटेतला उलटा दाब) किती वाढते अशी शंका घेतली जाते. ६,००० आरपीएमला १३बी मधून बाहेर पडणारा तापलेला वायू सेकंदाला सुमारे अर्धा घनमीटर असतो. तोंड ६३ मिलिमीटरचे असेल आणि सळ्या ६ मिलिमीटरच्या असतील तर त्या जवळजवळ एक चतुर्थांश क्षेत्र अडवतात, ही गोष्ट खरीच मोठी आहे. म्हणून फुलीच्या जागी नळी थोडी रुंद करून घ्यावी. आमची तिथे ७५ मिलिमीटर आहे.

फ्लँजजवळ चीर पडली तर

आता त्या तक्रारीकडे येतो जी सर्वाधिक ऐकू येते आणि जिच्यावर सर्वाधिक वेल्डिंग वाया जाते. आमच्या तिसऱ्या सायलेन्सरच्या बाबतीत चीर नेहमी एकाच जागी पडे: मागच्या रोटरच्या पोर्टला बोल्ट केलेल्या फ्लँजपासून (नळीच्या टोकाच्या जाड पट्टीपासून) दोन मिलिमीटरवर, वेल्डिंगच्या कडेला, नळीच्या वरच्या बाजूला. तीनदा बुजवली आणि तीनदा तिथेच पडली. तिसऱ्यांदा मी ती भिंगाखाली पाहिली. चिरेच्या दोन्ही कडा स्वच्छ होत्या, धातूची जाडी जशीच्या तशी होती, आणि वरच्या बाजूला चीर रुंद, तर खाली येताना बारीक होत गेलेली होती. उष्णतेने कुजलेल्या धातूला पापुद्रे सुटतात आणि तो पातळ होतो. इथे तसे काहीच नव्हते. कोणीतरी नळी खाली वाकवत होते, एवढाच त्या चिरेचा अर्थ होता.

वाकवणारे दोघे होते. सायलेन्सरचे सुमारे चार किलो वजन फ्लँजपासून लांब लोंबकळत होते, हा पहिला. दुसरा आम्हाला बराच काळ दिसलाच नाही, कारण तो आम्हीच आधार म्हणून लावला होता. सायलेन्सरची शेपटी आम्ही एका कंसाने फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीला, बांधली होती. इंजिन रबरी माउंटवर असते; सुरू होताना आणि बंद होताना ते सहज एखादा सेंटिमीटर डोलते, तर फायरवॉल जागची हलत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन डोलले की मधल्या नळीला ते डोलणे सोसावे लागत होते. यावर उष्णतेने होणाऱ्या वाढीची भर पडते. फ्लँजपासून त्या कंसापर्यंत ७०० मिलिमीटर अंतर होते, आणि स्टेनलेसच्या भिंतीचे तापमान सरासरी ७५० अंशांवर गेले की एवढी नळी जवळजवळ १० मिलिमीटरने लांबते. दोन्ही टोके बांधलेली असताना हे १० मिलिमीटर जाणार कुठे?

यासाठी सायलेन्सरचे सगळे वजन इंजिनावरच घ्यावे, विमानाच्या सांगाड्यावर नाही. आम्ही फायरवॉलचा कंस काढून टाकला आणि इंजिनाच्या मागच्या घराच्या बोल्टांपासून त्रिकोणी आधार खाली आणला, त्यामुळे सायलेन्सर आणि इंजिन एकत्र डोलतात. वाढीसाठी दोन्ही पोर्टच्या नळ्यांत एकेक सरकता सांधा दिला. या सांध्यात इंजिनाकडची नळी आत आणि सायलेन्सरकडची बाहेर असावी, एकात दुसरी निदान व्यासाइतकी शिरलेली असावी, आणि थंड असताना हाताने फिरवता येईल इतकी सैल असावी. गार इंजिनाला सुरुवातीला तिथून थोडा धूर झिरपतो. आतली नळी आधी तापून फुगली की तो थांबतो. सांधा सुटू नये म्हणून ज्या स्प्रिंगा लावायच्या त्या अडकवण्याचे कान लांब ठेवावेत. नळीला चिकटून बसलेली साधी पोलादी स्प्रिंग दोन-तीन उड्डाणांतच आपला ताण हरवून लोंबते. आम्ही इन्कोनेल एक्स-७५० या निकेलच्या मिश्रधातूच्या स्प्रिंगा वापरतो आणि त्याही नळीपासून दोन बोटे दूर.

पुढच्या आणि मागच्या रोटरच्या नळ्या एकाच घरात नेताना त्यांची लांबी सारखी नसते, हेही लक्षात ठेवावे. लांब नळी जास्त वाढते, आखूड कमी, आणि सांधे नसतील तर दोघी मिळून घराचे तोंड पिळतात. चीर दोन नळ्यांच्या मधल्या बेचक्यात पडत असेल तर कारण जवळजवळ नक्की हेच आहे. त्या बेचक्यात मजबुतीसाठी त्रिकोणी पट्टी वेल्ड करण्याची सवय बऱ्याच जणांना असते. मी ती करू नये असेच म्हणेन, कारण पट्टी जिथे संपते तिथे नवी चीर सुरू होते.

फ्लँजबद्दल दोन गोष्टी. दहा मिलिमीटर जाडीच्या फ्लँजला ०.९ मिलिमीटरची नळी थेट जोडली की नळी काही सेकंदांत लाल होते, तर फ्लँज इंजिनाच्या थंड घराला चिकटलेला असल्याने मागे राहतो, आणि दोघांमधला सगळा ताण वेल्डिंगच्या कडेला येतो. म्हणून पहिले ७५ ते १०० मिलिमीटर १.६ मिलिमीटर जाडीची नळी द्यावी आणि तिच्यापुढे पातळ नळी जोडावी. तसेच दोन्ही पोर्टसाठी एकच अखंड फ्लँज असेल तर वेल्डिंग झाल्यावर तो मधोमध कापून दोन करावेत. अखंड फ्लँज तापून केळ्यासारखा वाकतो, गॅस्केट फुंकले जाते आणि स्टड सैल होतात.

वेल्डिंगची आतली बाजू

पुण्याजवळ भोसरीत मी टिग वेल्डिंग शिकलो ते दूध डेअरीच्या स्टेनलेस पाइपांवर. तिथले आमचे फोरमन बाहेरचा टाका पाहण्याआधी बॅटरी घेऊन पाइपच्या आत डोकावत. आत आरगॉन भरून हवा बाहेर काढली नसेल तर टाक्याच्या मागे धातू साखरेसारखा रवाळ आणि काळा होतो, आणि डेअरीत त्या रव्यांमध्ये दूध अडकून नासते, हे त्यांचे कारण. एक्झॉस्टमध्ये दूध नाही, पण त्या प्रत्येक रव्याच्या तळाशी एक बारीक खाच असते, आणि सेकंदाला शंभर धक्के खाणाऱ्या नळीत चीर सुरू व्हायला तेवढी खाच पुरते. आमच्या फुटलेल्या तिसऱ्या सायलेन्सरचे टाके एका कारखान्याने बाहेरून आरशासारखे केले होते आणि आत साखर होती. नळीची दोन्ही टोके ॲल्युमिनियमच्या फॉइलने बंद करून आत मंद आरगॉन सोडायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे द्यावीत.

३२१ जातीच्या स्टेनलेसला जोडताना भरणीची तार ३४७ ची असावी. ३२१ चा गुण त्यातल्या टायटॅनियममुळे येतो, आणि ते टायटॅनियम आर्कमध्ये बरेचसे जळून जाते. ३४७ मध्ये त्या जागी नायोबियम असते, ते टिकते.

मग धातू कोणता

इतके सगळे झाल्यावरच हा प्रश्न विचारावा, आणि तो विचारण्यापूर्वी फुटलेला तुकडा हातात घ्यावा. धातू पातळ झाला असेल, त्याचे काळे-राखी पापुद्रे निघत असतील, नळी लोंबून अंडाकृती झाली असेल, तर खरोखरच उष्णतेचा प्रश्न आहे. ३०४ स्टेनलेस सतत तापलेले राहिले तर सुमारे ९२५ अंशांपर्यंत आपले आवरण टिकवते. पण तापणे-निवणे सारखे होत असेल तर ही मर्यादा ८७० वर येते, कारण निवताना ते आवरण पापुद्र्यांनी गळते. ३२१ ची मर्यादाही तेवढीच आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ३२१ घेतल्याचा फायदा वेगळा आहे: साधारण ४२५ ते ८१५ अंशांच्या पट्ट्यात रेंगाळल्यावर ३०४ च्या कणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड जमते आणि धातू तिथे ठिसूळ व गंजका होतो, ते ३२१ मध्ये होत नाही. म्हणजे टाक्याजवळ बारीक जाळीसारख्या चिरा पडत असतील तर ३२१ मदत करील. नळी जळत असेल तर नाही. जळण्याला उत्तर ३१० किंवा इन्कोनेल ६२५. पैकी ३१० तापणे-निवणे सोसून १०३५ अंशांपर्यंत जाते, तर ६२५ ची लाल असतानाची ताकद स्टेनलेसपेक्षा कितीतरी जास्त आहे. आमच्या विमानात पहिल्या १०० मिलिमीटर नळ्या आणि धक्का झेलणारा आतला शंकू एवढेच ६२५ चे आहेत आणि बाकी सर्व ३२१ चे.

नळ्यांना काचेची पट्टी गुंडाळण्याबद्दल माझे मत ठाम आहे: गुंडाळू नये. लाल झालेल्या नळीची भिंत वायूपेक्षा थंड राहते ती केवळ ती उष्णता बाहेर फेकते म्हणून. ८०० अंशांवरची काळपट नळी प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ६० किलोवॅट उष्णता फेकते. ५० मिलिमीटर व्यासाच्या ६०० मिलिमीटर लांब नळीसाठी हे साडेपाच किलोवॅट होतात. पट्टी गुंडाळली की ही वाट बंद होते, भिंत वायूच्या तापमानाकडे सरकते, आणि जो धातू ८०० ला वर्षभर टिकला असता तो ९०० ला एका हंगामात जातो. शिवाय पट्टीखालची चीर दिसत नाही. काउलिंग (इंजिनावरचे झाकण), इंधनाच्या नळ्या आणि इंजिनाच्या त्याच बाजूला असलेला हवेचा इन्टेक यांना वाचवायचे असेल तर नळीपासून १२ ते १५ मिलिमीटर अंतर सोडून स्टेनलेसचा पातळ पत्रा उभा करावा आणि त्या फटीतून हवा वाहू द्यावी.

कधी कधी दोष एक्झॉस्टचाही नसतो. आधी ठिणगी देणाऱ्या लीडिंग प्लगची कॉइल अशक्त झाली किंवा टायमिंग मागे पडले तर ज्वलन उशिरा होते आणि तेवढी उष्णता सायलेन्सरमध्ये जाते. सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जात असेल तर इंधन जास्त असलेल्या (रिच) मिश्रणातले उरलेले इंधन सायलेन्सरमध्येच जळते. उतरताना थ्रॉटल बंद केल्यावर पटपट फुटल्यासारखा आवाज येणे ही त्याची खूण आहे. म्हणून दोन्ही पोर्टवर फ्लँजपासून सारख्याच अंतरावर तापमानाचे वेगळे प्रोब असावेत. दोन रोटरांत सत्तर-ऐंशी अंशांचा नवा फरक दिसू लागला तर वेल्डिंग मशीन काढण्याआधी इंजिन पाहावे.

टिकला, पण कर्कश वाजतो

दुसऱ्या सायलेन्सरचे घर ४३० मिलिमीटरचे का केले होते, ते सांगायचे राहिले. २०० हर्ट्झच्या लहरीच्या चौथ्या हिश्शाइतके लांब घर सर्वांत जास्त आवाज अडवते, असे गणित आहे, आणि आम्ही ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून ४३० मिलिमीटर काढले. हा वेग २० अंशांच्या हवेतला आहे. ९०० अंशांच्या वायूत तो सुमारे ६८७ मीटर, म्हणजे बरोबर दुप्पट असतो, आणि खरी लांबी ८६० मिलिमीटर यायला हवी होती, जी काउलिंगखाली मावत नाही.

तरी निम्म्या लांबीचे घर वाया जात नाही. ५० मिलिमीटरच्या नळीवर १५० मिलिमीटरचे घर म्हणजे क्षेत्र नऊ पट. कागदावर ते २०० हर्ट्झला दहा डेसिबल आणि ४०० हर्ट्झला तेरा डेसिबल अडवते. पण ८०० हर्ट्झला त्या घरात अर्धी लहर नेमकी मावते आणि तो सूर अजिबात न अडता बाहेर जातो. आमच्या विमानाचा कानात घुसणारा चरचरीत आवाज तोच होता. उपाय सोपा निघाला: आत येणारी नळी घराच्या लांबीच्या निम्म्यापर्यंत आणि बाहेर जाणारी नळी पाव लांबीपर्यंत आत वाढवायची. अशा वाढवलेल्या नळ्या सुटून जाणारे सूर पकडतात. आत येणाऱ्या नळीच्या टोकाला आम्ही छिद्रांचा इन्कोनेलचा शंकू जोडला, त्यामुळे धक्का एकाच भिंतीवर न आदळता पसरून घरात उतरतो. हे सारे गणित सौम्य लहरींचे आहे आणि रोटरीचे धक्के सौम्य नसतात, म्हणून कागदावरचे डेसिबल पुरते मिळत नाहीत. पण कोणता सूर सुटतो हे ते अचूक सांगते.

टर्बो बसवलेले असेल तर त्याचे टर्बाइनच धक्क्यांची धार मारते आणि मागे साधा सायलेन्सर पुरतो. पण टर्बोचे वजन एक्झॉस्टच्या नळीवर टाकले तर फ्लँजजवळची चीर कैक पटींनी लवकर येते; त्याला स्वतंत्र आधार हवाच.

तपासणी

नवा सायलेन्सर बसवल्यावर पहिल्यांदा इंजिन तापवून गार झाले की स्टडचे नट पुन्हा आवळावेत, आणि पाच तासांनी परत. त्यानंतर आम्ही दर २५ तासांनी काउलिंग काढतो, व्हॅक्यूम क्लिनरची हवा सोडणारी बाजू शेपटीला जोडून सायलेन्सरमध्ये हलका दाब भरतो आणि प्रत्येक टाक्यावर साबणाचे पाणी लावतो. सरकत्या सांध्यांना बुडबुडे येणारच. टाक्यावर एकही आला तर विमान उडत नाही. करड्या-पांढऱ्या रंगाचे पट्टे फ्लँजभोवती किंवा काउलिंगच्या आतल्या बाजूला दिसले तर तिथून वायू झिरपतो आहे असे समजावे. लवचीक कॅमेरा शेपटीतून आत घालून शंकू आणि फुली जागेवर आहेत का तेही पाहतो.

केबिनच्या हीटरसाठी सायलेन्सरभोवती पत्र्याचे कवच घालून त्यातली हवा आत घेण्याची पद्धत लायकमिंगच्या विमानांत आहे. रोटरीला ती वापरू नये. बारीक चीर पडली तरी कार्बन मोनॉक्साइड थेट वैमानिकाच्या श्वासात जातो, आणि हे इंजिन पाण्याने थंड होणारे असल्याने गरम पाण्याचा छोटा रेडिएटर केबिनमध्ये बसवणे सहज शक्य असते. तसे केले तरी कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर डॅशबोर्डवर असावाच.

चीर सापडली की तिच्या दोन्ही टोकांना खूण करून ठेवावी, फ्लँजपासूनचे अंतर मोजावे, फोटो काढावा, आणि तेव्हाचे उड्डाणाचे तास लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी ती वाढली की सरकली हे त्यावरूनच कळते. खूण मात्र शिसपेन्सिलीने करू नये, आणि जस्ताचा मुलामा असलेले हत्यारही त्या धातूला लावू नये. पेन्सिलीतला कार्बन आणि जस्त तापल्यावर स्टेनलेसमध्ये शिरतात, आणि पुढची चीर त्या रेघेवरूनच जाते. आम्ही खुणेसाठी खडू वापरतो.